टोपलीत हात घालणारे बापू

बापू रसाचा ग्लास हसतमुखाने देत आणि रिकामा ग्लास परत घेताना भांडत. ग्लासाच्या तळाशी गुटख्याची पुडी किंवा चुरगळलेली स्ट्रॉ दिसली, की संपलंच. गिऱ्हाईक जीपमध्ये जाऊन बसलेलं असलं तरी बापू खिडकीशी जाऊन ती पुडी त्याच्या तळहातावर ठेवत. "तुमचीच हाय, ऱ्हायली हुती," असं अगदी नम्रपणे म्हणत आणि वर नमस्कारही करत. अशाने धंद्याला टाळं लागेल, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! पण म्हातारा ऐकेल तर शपथ.

सोनईहून देवाला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची रसवंती आणि तिला खेटून माझं वडा-चहाचं हॉटेल. समोर हारांची, नारळांची, पेढ्यांची दुकानं. शनिवारी आणि अमावस्येला रस्ता फुलून जायचा आणि दिवस कलला की मागे उरायचा तो उकिरडा आमचा. ग्रामपंचायतीने ओल्या-सुक्याचे दोन डबे वाटले, तेव्हा पेढेवाल्याने एकात साखर भरली आणि हारवाल्याने दुसऱ्यात फुलं भिजत घातली. बापूंना डब्याबिब्यांचं कौतुक नव्हतं. त्यांची एक टोपली होती. उसाची चिपाडं, माझ्याकडची बटाट्याची सालं, कोबीचा पाला, नारळवाल्याकडची केळीची पानं, एवढंच तिच्यात जायचं. कारण ती टोपली हिराबाईच्या गाईची होती.

हिराबाई मागच्या वस्तीवर एकटी राहायची. नवरा गेलेला, रान नाही, एक जर्सी गाय आणि तिच्या दुधावर चाललेलं घर. पाटाला पाणी असेपर्यंत ती कडेचं गवत कापून भागवायची. उन्हाळ्यात पाट कोरडा पडला, की गाईचं पोट आमच्या रस्त्यावर. रोज संध्याकाळी येऊन ती टोपली डोक्यावर घेई आणि कुणाशी फारसं न बोलता चालू लागे.

एका उन्हाळ्यात गाय खाईना, रवंथ करीना. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोटात तार नाहीतर पिन गेली आहे आणि ती काळजाकडे सरकली आहे. गाय गेली. मागे एक कालवड उरली. तार हाराची होती की पिन पेढ्याच्या पुड्याची, की आणखी कुणी जाता-येता टोपलीत काही फेकलं होतं, देव जाणे. हिराबाईने कुणाला शब्दाने विचारलं नाही. फक्त टोपली न्यायला यायची बंद झाली.

बापूंना तेच लागलं. दोन दिवस त्यांनी चरक नुसता ओढला, गिऱ्हाइकाशी भांडलेसुद्धा नाहीत. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, "भांडली असती तर बरं हुतं, सुमन. गप बसली म्हंजी आपल्यावरचा इस्वासच गेला."

त्या संध्याकाळपासून रसवंतीपुढे गोणपाट अंथरलं जाऊ लागलं. प्रत्येक दुकानाचा पालापाचोळा त्यावर ओतायचा आणि बापू त्यात उघडे हात घालायचे. मूठभर उचलायचं, बोटांनी चाळायचं, मग टोपलीत टाकायचं. तारा आणि पिना पत्र्याच्या डब्यात, कप आणि पुड्या भंगारवाल्याच्या पोत्यात. हारवाला फणकारला, की आम्ही काय कचरा चिवडायला बसलोय का इथे? बापूंनी त्याच्याच ढिगातली एक तार उचलून त्याच्यापुढे धरली. "जिभंवर ठिवून बघ," एवढंच म्हणाले. दुसऱ्या आठवड्यापासून हारवाला हार दोऱ्याने बांधू लागला. तोंड वाकडं करूनच, पण बांधू लागला.

मला त्यांच्या हातांची दया आली म्हणून मी नगरहून रबरी हातमोजे आणले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि परत दिले. "हे घातलं तर मला टोचनार कसं? माझ्या हाताला टोचलं न्हाई, तरच तिच्या पोटात जाऊ द्यायचं." घ्या! ते मोजे मग मी भांडी घासायला काढले.

भरलेली टोपली ते स्वतः वस्तीवर नेऊ लागले. हिराबाईच्या दारात ती पुन्हा उपडी करत आणि तिच्यादेखत पुन्हा तळापर्यंत हात फिरवत. ती उंबऱ्यात बसून नुसती बघे. किती तरी दिवस तो पाला तसाच वाळून गेला. कालवडीची हाडं दिसायला लागली, पाट अजून कोरडाच होता. मग एका संध्याकाळी हिराबाई स्वतःच चुंबळ घेऊन रस्त्यावर आली, टोपली उचलली आणि गेली. मी सगळ्या ओळीला चहा पाजला. बापू मात्र बशी तोंडाला लावायच्या आधीच तिच्यात पडलेल्या वेलदोड्याच्या सालीवरून माझ्याशी भांडले.

पुढे बापूंना साखर झाली. रसवाल्यालाच साखर, म्हणून आम्ही त्यांना भरपूर पिडलं. तेही हसायचे. पण एका संध्याकाळी मला बटाट्याच्या सालींवर लाल ठिपके दिसले. बापूंच्या बोटात पिन रुतली होती, रक्त गळत होतं आणि ते आपले निवडतच होते. मी हात धरला तेव्हा कुठे त्यांनी बोटाकडे पाहिलं, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

हिराबाई आली तशी ते उठून उभे राहिले. "हिरा, आजपासनं माझ्या हातचं घिऊ नको. बोटं मेली माझी. आता मला कळत न्हाई."

हिराबाईने डोक्यावरची चुंबळ काढून खाली ठेवली. म्हणाली, "मंग हात दुसरं कुनीबी घालू द्या. पन तुमी हितं बसल्याबिगर मी टोपली न्हेनार न्हाई."

दुसरं कुणी म्हणजे कोण, हे मला सांगायला नको होतं. शिव्या घालतच मी गोणपाटावर बसले. त्या दिवसापासून मी निवडायचे आणि बापू स्टुलावर बसून चुका काढायचे. मीही काही ऐकून घेणारी नव्हे.

पुढे साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली आणि त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला निघाले, तेव्हा हिराबाईने डबा दिला. कालवड पहिल्यांदा व्याली होती, तिचा खरवस, बापूंसाठी बिनगुळाचा. त्यांनी तो चमचाभर खाल्ला, बराच वेळ तोंडात घोळवला. मग माझा हात ओढून घेतला आणि एकेका बोटाचं टोक नखाने दाबू लागले. चांगलं जोरात.

"दुखतंय का?"

"दुखतंय की."

"मंग बरं हाय," म्हणाले आणि हात सोडला.

आठवड्याभरात बापू गेले. त्या दिवशी रस्त्यावर एकही दुकान उघडलं नव्हतं. तरी आदल्या दिवशीची चिपाडं होती, पाला होता, आणि संध्याकाळी हिराबाई नेहमीसारखी येऊन उभी राहिली, कारण गाईला कोण सांगणार? मी बंद हॉटेलापुढे गोणपाट अंथरलं. डोळे सारखे भरून येत होते, समोरचं काही दिसत नव्हतं. सगळी टोपली मी बोटांनीच निवडली.