सिल्कवरचं आकाश

मास्तरांना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांच्या दुकानातला कोपऱ्यातला स्टूल जवळजवळ माझाच झाला होता, पण चित्रं काढायचं खूळ त्यांच्या डोक्यात कधी आणि कुठून शिरलं, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता ते नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "तुम्हीच लिहा चार ओळी. तुम्ही तिथं बसून नुसतं बघतच तर होता." तेही खरंच. नोकरीत असताना पावत्यांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे जे बघितलं तेवढंच सांगतो. पुढचंमागचं झालं तर सांभाळून घ्यावं.

मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. मशीन खिडकीशी, कापायचं टेबल मधोमध, त्याच्या एका टोकाला इस्त्रीची जाड घोंगडी. मशीनच्या वर भिंतीत एक खिळा होता. त्यावर पूर्वी कधी कॅलेंडर असेल. आता तो रिकामाच असे, आणि मास्तरांची सगळी धडपड त्या खिळ्यासाठी चालली होती. वहिनींनी एकदा ठणकावून सांगितलं होतं, "तुमचं एखादं चित्र मला आवडलं ना, तर मी माझ्या हातानं तिथं लावीन. तोवर कपाटामागं."

कपाटामागं गठ्ठाच होता. मास्तर काढायचे ते बहुतेक वहिनींनाच. मशीनवर वाकलेल्या, चष्मा कपाळावर, तोंडात धागा. चित्र झालं की आधी मला दाखवत.

"छान आहे," मी म्हणायचो.

"हे काय आहे हो?" वहिनी म्हणायच्या. "ही बाई कोण? नाक तर माझ्या मावशीचंसुद्धा नाही."

मला कोणाला वाईट वाटेलसं बोलताच येत नाही, म्हणून मास्तरांनी माझं नाव छानराव ठेवलं होतं. "या छानराव," म्हणत, "आज काय छान आहे?" वहिनी नाक मुरडत तेव्हा मात्र ते चष्मा काढून चित्राकडे नीट बघत. माझ्या छानला त्यांनी एकदाही तेवढा वेळ दिला नाही.

मी पहिल्यांदा बसायला लागलो तेव्हा ते पेन्सिलीनं काढत. मग ती सोडली आणि जलरंग आणले. मग ब्रश टाकून स्पंजाचे तुकडे. त्यानंतर रंग जाडसर लावून जुन्या सुरीनं ओढायला लागले. मला वाटायचं, माणूस धरसोडीचा आहे. एक धड जमत नाही तोवर दुसरं. तसं बोललो नाही, अर्थात.

एकदा दुपारी वहिनी मागं स्वयंपाकघरात होत्या. मास्तर सुईत दोरा ओवत होते. दोरा सुईच्या अलीकडून जाई, पलीकडून जाई, नाकातून मात्र जाईना. शेवटी त्यांनी सुई माझ्यापुढं धरली.

"ओवा जरा."

मी ओवली. त्यांचा हात टेबलावर ठेवलेला होता आणि तो आपला आपण हलत होता, वाऱ्यावर पान हलावं तसा.

"पेन्सिल म्हणूनच सोडली," ते म्हणाले. "रेघ माझी राहत नाही. ब्रशचंही तेच. सुरी थोडे दिवस चालली. आता तीही नाचायला लागलीय."

"वहिनींना माहीत आहे?"

"मशीनवर कोण बसतं आता? तीच ना? तिला काय सांगायचं." मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "फक्त तो खिळा राहिलाय हो. सगळं बंद व्हायच्या आत."

मी रिकामं रीळ उचललं आणि उगाच फिरवत बसलो.

शिवण वहिनींकडे गेल्यावर मास्तरांकडे इस्त्री राहिली. तिथंच त्यांना पुढची गोष्ट सापडली. दुकानातली इस्त्री जुन्या घडणीची, चांगली वजनदार. ती मुठीत धरली की हात गप्प बसे. मुलाला कडेवर घेतल्यावर रडं थांबावं तसा. एके सकाळी बघतो तर मास्तर तापलेल्या इस्त्रीच्या तळाला मेणखडू घासताहेत. मेण वितळलं की इस्त्री गुळगुळीत पुठ्ठ्यावर सरकवायची. उचलली की त्यावर टेकड्या, पाणी, ढग, काय काय उमटे. टोकानं रेघ, कडेनं गवत.

"नुसतं तापवून भागत नाही," ते मला सांगत. "फार तापली की रंग पळतो, कमी तापली की चिकटतो. आकाश सिल्कवर, झाडं सुतीवर." इस्त्रीवर ताप ठरवायची चकती होती, सिल्क, लोकर, सुती अशी नावं लिहिलेली; ती ते रंगाच्या डबीसारखी वापरत.

"आणि मी कशावर?" वहिनींनी मशीनवरून विचारलं.

"तू लोकरीवर. तापायला वेळ लागतो, पण तापलीस की..."

"हां, पुरे!"

आकाशं छान झाली. हे मी मनापासून लिहितोय. पण चेहरा काही जमेना. इस्त्रीला नाक कुठून येणार? कपाटामागचा गठ्ठा वाढत गेला.

मग माझी पँट शिवून झाली. फिक्या बदामी रंगाची, नवीन. मास्तरांनी इस्त्री केली आणि मांडीवर हिरवा फराटा उठला. इस्त्रीच्या कडेला चित्राचं मेण राहिलं होतं. पुसायचं विसरले होते. मास्तर पांढरेफटक पडले.

"असू द्या," मी म्हणालो, "दिसतसुद्धा नाही."

"दिसत नाही?" वहिनी मशीन थांबवून उठल्या. "डोळे तपासून घ्या भाऊजी! झाड उगवलंय मांडीवर. आणि तुम्ही, बाजूला व्हा आधी."

त्यांनी इस्त्रीचा तळ घासून पुसला. कापडाचे नमुने कापायचा खाकी कागद असतो ना, त्याचा एक तुकडा डागावर ठेवला आणि वरून इस्त्री फिरवली. मेण कागदानं पिऊन घेतलं. कागद बदलत बदलत त्यांनी डाग उतरवला, आणि ते तुकडे जमिनीवर टाकत गेल्या.

मास्तरांनी त्यातला एक उचलला आणि चुरगाळायच्या आधी सहज खिडकीशी धरला. मेण प्यायलेला भाग काचेसारखा झाला होता. त्यातून उजेड येत होता, हिरवा, कडांना विरत गेलेला. कुठंही रेघ नव्हती. रेघच नाही म्हटल्यावर थरथर दिसणार कुठून?

"छानराव," ते म्हणाले, "बघा."

मी बघितलं. का कोण जाणे, त्या वेळी छान म्हणालो नाही.

पुढं बरेच दिवस त्यांनी खाकी कागद आणि मेण यांचाच धंदा केला. एका कागदावर रंग वितळवायचा, त्यावर दुसरा ठेवून इस्त्री दाबायची, दुसऱ्यावर फिका उतरला की तिसरा. फिक्यावर फिका चढवत गेले. वहिनी ओरडत, "नमुन्याचा कागद संपवलात, आता गिऱ्हाइकाचं माप भिंतीवर काढू?" मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत.

झालं तेव्हा त्यांनी तो कागद आधी मला दाखवला नाही. सरळ वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो हातात धरला, लांब धरला, मग खिडकीकडे केला.

"नाक चुकलंय," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा काढला.

"नाक चुकलंय," वहिनी पुन्हा म्हणाल्या, या खेपेला जरा हळू. "पण धागा असा मीच धरते. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात. तुम्ही बघितलंत कधी?"

"रोज," मास्तर म्हणाले.

वहिनी स्टुलावर चढल्या आणि त्यांनी कागद खिळ्यावर लावला. भिंतीवर तो नुसता तपकिरी, तेलकट दिसायला लागला. बाई गेली, धागा गेला. मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. वहिनींनी क्षणभर बघितलं, चित्र काढलं, खाली उतरल्या आणि ते खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीनं चिकटवलं, मशीनच्या अगदी समोर. मग गळ्यातली मापाची टेप काढून त्या खिळ्याला अडकवली.

"काय मेलं ते खिळ्याचं कौतुक," त्या म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या. कागदातून येणारा पिवळा उजेड त्यांच्या हातावर पडला होता.

मास्तर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. झोपेतच गेले. चित्र अजून तिथंच आहे. ऊन फार झालं की मेण मऊ पडतं म्हणून वहिनी दुपारी पडदा ओढतात.

आमचं शेवटचं बोलणं सांगायचं तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी तीच बदामी पँट घालून दुकानात गेलो होतो. मास्तरांनी वरून खालपर्यंत बघितलं.

"लांबी बरी आहे ना?"

"छान आहे."

"खरं सांगा, छानराव."

मी खाली बघितलं. "टाचेखाली येते जराशी."

"पहिल्यापासून?"

"तुम्ही शिवलेल्या आधीच्याही येत होत्या."

ते मोठ्यानं हसले. "किती?"

"बोटभर."

त्यांनी वाकून बघितलं. "अर्धं बोट," ते म्हणाले. "उद्या आणून टाका. हिला सांगून ठेवतो."