फडक्यातला हात

कॉलेजच्या सुट्टीत मी नंदुरबारजवळच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, मिरचीचे देठ खुडायला जात होते. शेजारी बसणाऱ्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या डाव्या हाताला जाड फडकं गुंडाळायच्या. अंगावर पाजणाऱ्या बाया तसं करतात, कारण मिरचीचा हात बाळाला लागला तर त्याची आग होते. पण यांचा मुलगा तिसरीत होता.

"एवढा मोठा पोऱ्या तुन्हा, मंग फडकं कोणासाठे वं?" समोरच्या आजी रोज चिडवायच्या.

"दुसरं येई ना, त्यानासाठे," त्या हसून म्हणायच्या.

एकदा जेवताना मला हळूच म्हणाल्या, "पाच वरीस व्हयनात, दवाखाना चालूच शे. रडाले गयं तं बठ्ठ्या बाया म्हंतस, एक शे ना तुले."

खरं सांगायचं तर मीही तेच म्हणणार होते. तोंडात भाकरीचा घास होता, म्हणून गप्प राहिले.

शेवटच्या आठवड्यात एके दिवशी त्या आल्या आणि दोन्ही उघड्या हातांनी खुडू लागल्या. त्यांचा ढीग सगळ्यांच्या आधी संपला. आजींनी त्या दिवशी चिडवलं नाही. मीही मान खाली घालून खुडत राहिले.