कुंकवाची रेघ सरळच होती

"पाय जरा लांब लांब ठेव, पडणार नाहीस."

नितीन माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

सीबीएस स्टँडवरून सुटलेली कॉलेजची बस. बसायला जागा नाही, वरच्या दांडीला माझा हात पुरत नाही. शेजारचा अनोळखी मुलगा माझ्या चपलांकडे बघत हे म्हणाला.

मी पाय लांब ठेवले. पडले नाही. पुढे त्याच्याशी लग्न केलं.

आज त्याला जाऊन दोन वर्षं झाली.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं. आठवडाभर लेथ मशीन, सुट्टीला माळावरच्या हौशी मोटार शर्यती. जुनी हॅचबॅक, वळणावर कलंडायची.

"हिलापण पाय लांब ठेवायला शिकवतो," म्हणाला.

आणि स्पेसर केले. म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये बसवायची ॲल्युमिनियमची जाड चकती. स्वतः लेथवर घडवली. चारही चाकं बाहेर आली. मित्रांना सांगायचा, ऑफसेट बदलला. मला सांगताना म्हणाला, "चाक आत लपून बसायचं. आता दारात येऊन उभं राहिलंय."

"दारात उभं राहणाऱ्यालाच आधी धक्का लागतो."

"तू गाडीचीपण आई होणार का आता?"

शर्यतीआधी मी गाडीची पूजा करायचे. नारळ, हार, चाकांना कुंकू. एकदा नितीन म्हणाला, कुंकू लावतेसच तर कामाचं लाव. नटवरून थेट रिमवर ओल्या कुंकवाची रेघ ओढ. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटेल, लगेच कळेल.

बाकीचे त्यासाठी पेंट मार्कर वापरायचे. आमच्याकडे कुंकू.

प्रत्येक राउंडनंतर तो विचारायचा, "रेघ?"

मी चारही चाकं बघून सांगायचे, "सरळ."

हळूहळू ते घरातलंच बोलणं झालं. आमचं सकाळी भांडण झालं की दुपारी वर्कशॉपवरून फोन. "रेघ?"

रागात असले तरी म्हणायचे, "सरळ. ठेव आता."

त्या दिवशी देवळ्याजवळ, कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात शर्यत होती. पहिला राउंड छान झाला. धुळीने माखलेली काच खाली करून त्याने विचारलं.

मी चारही चाकं बघितली.

"सरळ."

पुढच्या राउंडला, वळणावर, डावं पुढचं चाक निखळलं. गाडी उलटत गेली. हेल्मेट, बेल्ट, सगळं होतं.

चाक मात्र एकटंच पळत बांध ओलांडून गेलं आणि कांदा साठवायच्या एका चाळीला टेकून उभं राहिलं. तिथले एक म्हातारे बाबा ते ढकलत माझ्यापर्यंत घेऊन आले.

"ताई, तुमचंच ना हे? लय लांब आलतं." मग गाडीकडे बघून हळूच म्हणाले, "माणूस कसा हाय?"

मी चाकाकडे बघत होते. एक नट अजून रिममध्ये अडकलेला होता.

रेघ सरळ होती.

नट फिरलाच नव्हता. तो ज्यावर बसतो तो स्टड आतून तुटला होता. रेघ नटाचं सांगते. आतलं सांगत नाही. हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

आता रेवा. आमची मुलगी.

तिने ती गाडी दुरुस्त करून घेतली आहे. येत्या रविवारी ती चालवणार आहे. आणि गाडीला पुन्हा स्पेसर आहेत.

"आई, बाबांची चकती मधल्या भोकात सैल होती. सगळा मार स्टडवर आला. ही हबवर घट्ट बसते. स्टडपण नवीन आहेत, लांब."

"मग चकती नकोच ना."

"मग वळणावर कलंडेल. ते चालेल तुला?"

मी दोन जाणत्यांना विचारलं. दोघं म्हणाले, तिचं बरोबर आहे.

बरोबर तर नितीनचंही होतं. त्या वळणापर्यंत.

काल संध्याकाळी ती माझ्यासमोर कुंकवाचा करंडा घेऊन उभी राहिली. नितीन गेल्यावर मी तो कपाटात साड्यांच्या मागे ठेवला होता. तिने शोधून काढला.

"रविवारी रेघा तूच ओढायच्या. मला दुसऱ्या कुणाच्या हातच्या नकोत."

मी करंडा घेतला नाही. तो अजून डायनिंग टेबलवर आहे. आम्ही दोघी त्याच्या बाजूला बसून जेवलो.

घरी विषय काढला की ती हेडफोन लावते. पण माझ्या पोस्ट वाचते. म्हणून इथे लिहितेय.

नितीन, आज तुझा दिवस आहे. तुझ्यासाठी दिवा लावलाय. पण आज मला तिच्याशी बोलू दे.

रेवा, गाडी चालव. ती चालवू नकोस असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी 'सरळ' म्हणून तेवढा अधिकार मी घालवून बसलेय. वळणावर हळू घे. सगळ्यात शेवटची ये, मी पेढे वाटेन.

फक्त त्या चकत्या काढ. चाकं आत घे, त्यांच्या जागी.

तू म्हणशील, आई, तुला यातलं कळत नाही. खरंच नाही कळत. मला एक रेघ तेवढी वाचता यायची.

नाहीच म्हणशील, माहितीये.

तरी विचारते गं. काढशील?