डोळ्यातला काळा थर

अमेरिकेत वेस्ट विंडसरजवळच्या एका प्रयोगशाळेत मी काळ्या लेपांवर काम करतो. कार्बनचा काजळीसारखा थर. त्यावर पडलेल्या प्रकाशाची उष्णता होते. तो खाऱ्या पाण्यावर तरंगत ठेवला की उन्हात वाफ निघते, आणि त्या वाफेचं पिण्याजोगं पाणी करता येतं. लोकांना सांगायला हे काम फार चांगलं आहे.

तीन वर्षांपूर्वी नागपूरची एक मुलगी माझ्याकडे पीएच.डी. करत होती. लेप तपासायला आम्ही लेझर वापरायचो. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो कुठे पडतोय हे बघायला एक कार्ड धरतात. त्यावर फिकट ठिपका उमटतो. त्या दुपारी संरक्षक चष्म्यातून तिला ठिपका दिसेना, आणि चार वाजता अनुदान देणाऱ्या संस्थेची माणसं येणार होती.

"दोन मिनिटं चष्मा काढ ना," मी म्हणालो.

"सर, सेफ्टीवाले ओरडतील."

"त्यांना चहा पाजू. आम्ही सगळे असंच करत आलोय."

ती हसली आणि तिने चष्मा काढला. किरण कार्डाच्या धातूच्या चिमट्यावरून परतून तिच्या डोळ्यांत गेला. तिला दुखलं नाही. वळून ती एवढंच म्हणाली, "सर, तुमचा चेहरा मधोमध दिसत नाहीये."

डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या मागे काळ्या रंगद्रव्याचा थर असतो. तो प्रकाश शोषतो, तापतो आणि पडदा भाजतो. मी मान डोलवत राहिलो. त्यांना काय सांगणार, की मी वर्गात हेच शिकवतो?

चौकशीत तिने लिहून दिलं की चष्मा तिने आपल्या मनाने काढला. तसं लिही असं मी सांगितलं नव्हतं. पण कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी खाली सही केली. तिची आई नागपूरहून फोनवर म्हणाली, "तुम्ही तिथे आहात सर, म्हणून धीर आहे." मी "हो" म्हणालो.

संशोधन सोडून ती आता दूर अर्विंग शहरात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. गेल्या महिन्यात तिला तिथल्या एका हॉटेलात भेटलो. मेनू वाचताना ती मान तिरकी करते, कडेच्या नजरेने वाचते.

"चौकशी करणाऱ्यांना मी खरं काय ते लिहून कळवणार आहे," मी म्हणालो. पत्र खिशातच होतं.

"आत्ता? म्हणजे मी खोटं लिहून दिलं, हेही कळवणार? माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, सर."

"तू तसं का लिहिलंस?"

"तुम्हाला काढलं असतं तर लॅब बंद. लॅब बंद तर माझा व्हिसा गेला. दुसरं काय लिहिणार होते?" तिने माझी ताटली पुढे सरकवली. "खा, डोसा गार होतोय."

मी पत्र पाठवलेलं नाही. तिच्यासाठी पाठवलं नाही, असं मी स्वतःला सांगतो. पण ती नको म्हणाली त्या क्षणी मला आधी वाटलं ते एवढंच, की सुटलो.