इन्स्पेक्टरच्या तोंडी बिशप

क्लेमंट थ्रेलफॉलने वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत अकरा खून केले होते, चौदा वेळा तो स्वतः मेला होता, आणि पाद्री, बटलर नि कर्नल किती वेळा झाला याची तर गणतीच नव्हती. इंग्लंडातल्या मोरकॅमच्या समुद्रकाठच्या त्या थिएटरात दर सोमवारी नवं नाटक लागे. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, मग चालू नाटकाचा प्रयोग आणि मधल्या वेळात पाठांतर. चोवीस वर्षं या पठ्ठ्याने हेच केलं. म्हातारा हवा, म्हातारा घ्या. चोर हवा, चोर घ्या! पण मोरकॅमबाहेर त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं, आणि हे त्याला फार लागे.

त्या गुरुवारी दुपारच्या प्रयोगाआधी डिलिस पेनरी धापा टाकत त्याच्या मेकअपच्या खोलीत घुसली. नऊ वर्षं ती त्याच्याबरोबर काम करत होती.

"क्लेम, अरे, तिसऱ्या रांगेत लंडनचा सिनेमावाला बसलाय! लॉरिमर!"

"आपल्या त्या देखण्या हिरोला बघायला आला असेल."

"तुझं नाव घेऊन विचारलं त्याने तिकीटखिडकीवर! मिशी नीट चिकटव आता, नाहीतर मागच्या वेळेसारखी सूपमध्ये पडेल."

क्लेमंटने मिशीला आणखी डिंक लावला. असा माणूस मोरकॅमला दुसऱ्यांदा थोडाच येणार होता!

त्या आठवड्यात तो पोलीस इन्स्पेक्टर होता. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्या अंकात बंगल्यातली सगळी मंडळी दिवाणखान्यात जमली, आणि आता त्याने गरजायचं होतं, "कोणीही जागेवरून हलायचं नाही!" पण सकाळचे चार तास तो पुढच्या नाटकातला बिशप होता. त्याने तोंड उघडलं आणि बिशपच बोलला.

"लेकरांनो, गुडघे टेका."

आणि तिसऱ्या रांगेत लॉरिमर! चोवीस वर्षांवर एका वाक्यात पाणी!

पण अशा नाटक कंपनीत एक न लिहिलेला नियम असतो. रंगमंचावर कोणी काहीही बोललं तरी ते खरं मानायचं, त्याला पडू द्यायचं नाही. बंगल्याची मालकीण झालेल्या डिलिसने पापणीही न हलवता रेशमी झग्यासकट गुडघे टेकले. तिच्यामागे मोलकरीण, डॉक्टर, आणि शेवटी कण्हत कण्हत जाडा कर्नल.

क्लेमंट सावकाश त्यांच्या पाठीमागे गेला.

"छान. आता हलायचं नाही. खुनी बागेतल्या चिखलातून आत आलाय. मला तुमच्या बुटांचे तळवे बघायचेत."

थिएटरात हशा पिकला. तो एकेक तळवा वाकून बघत चालला. "कर्नल, आधी चांभार गाठा," त्याने फटकारलं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "डॉक्टरचे बघा, डॉक्टरचे!" आता आली का पंचाईत! खुनी डॉक्टरच होता, पण त्याला तिसऱ्या अंकात पकडायचं होतं.

"डॉक्टर, तुम्ही बूट बदललेत," क्लेमंट म्हणाला. "का, ते नंतर बोलू."

टाळ्या थांबेचनात.

प्रयोग संपताच लॉरिमर आत आला. "ते बुटांचं कोणी लिहिलंय हो?"

"नाटककाराने," डिलिस ठणकावून म्हणाली. "दुसरं कोण लिहिणार?"

"नाही हो," क्लेमंट म्हणाला. "मी चुकलो. ते पुढच्या आठवड्याचं वाक्य."

लॉरिमर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "मग पुढच्या महिन्यात लंडनला या. काम मोठं आहे."

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी क्लेमंट दुसऱ्या वाक्यावर अडखळला, आणि सवयीने पुढचं रचून ठोकत सुटला.

"थांबा," लॉरिमर म्हणाला. "पुन्हा घेऊ."

"पुन्हा? हेच?"

"हेच. जमेपर्यंत."

जेवणाच्या सुट्टीत क्लेमंट फोनकडे धावला.

"डिलिस, ऐक, इथे चुकलं तर परत करू देतात! अगं, जमेपर्यंत!"

"क्लेम," ती म्हणाली, "माझ्यासाठीही शब्द टाक ना रे तिथे."

नऊ वर्षांत तिने काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने फोन ठेवला आणि जेवण तसंच टाकून तो लॉरिमरला शोधत पळत सुटला.