थर्ड बेसवरचं भांडण

बेसबॉलवर मी लिहावं एवढी माझी समज नाही, माफ करा. पण आज खारे शेंगदाणे सोलताना आमच्या देशी वस्तीतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या सावंतकाकांच्या दुकानातली २००४ची एक दुपार आठवली.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वर्गात गप्प बसायचो, काकांशी मात्र भांडायचो: इतिहासातला सर्वांत मोठा थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक, कोण?

“माझावाला. किती होमरन मारलेत बघा!”

“बॅटिंग सोड, यार,” शेंगदाण्याची सालं फुंकत काका म्हणाले. “ग्लोव्ह न लावता, नुसत्या हाताने बॉल उचलून फेकतो तो खरा. आपण क्रिकेट तसंच खेळलो.”

“एकदा तरी माझं बरोबर म्हणा ना, काका!”

त्यांनी हसून मूठभर शेंगदाणे माझ्यापुढे सरकवले.

काका गेल्याचं काल त्यांच्या मुलीने कळवलं. म्हणाली, “बाबा सांगायचे, बरोबर तोच आहे. पण त्याला सांगू नका, भांडायला यायचा थांबेल.”