मिरच्यांचा ठसका आणि विलायती गाणं

खालच्या मजल्यावर कोणीतरी मसाल्याच्या मिरच्या भाजतंय. ठसका लागला आणि आमची मोरिवलीची खोली आठवली. एकदा दिवसाढवळ्या बायको अशाच मिरच्या भाजत होती आणि थोरल्या पोरानं विलायती बँडची सीडी लावली होती. आधी गुराख्यासारखा गोड पावा, मग सारंग्या, मग पत्र्यावर दगड पडावेत तसे ड्रम. एक बाई डोंगरावरून हाक मारावी तशी उंच गायची आणि मधेच एक बाप्या रेड्यासारखा डुरकायचा. मी रातपाळी करून पोटमाळ्यावर झोपलेलो.

"बंद करा रे ते!" मी वरून ओरडलो. माझं ओरडणं नेमकं त्या बाप्याच्या डुरकण्याच्या जागी पडलं.

बायको हसायला लागली. "अहो, बरोबर जमलं! परत ओरडा. त्या गाणारणीचा नवरा असाच डाफरत असणार, पण ती गायची थांबत नाही. म्हणून तर मला आवडतंय."

दुसऱ्यांदा मी खरंच चिडून ओरडलो. तिला हसू आणि ठसका एकदमच आला, ती खालीच बसली, डोळ्यांतून पाणी.

आता ती नाही. नुसता ठसका लागतो. त्या दिवशी मात्र झोप गेली उडत. तिसऱ्यांदा ओरडलो तो फक्त तिला हसताना बघायला.